बर्फाची ट्रायल कापसावर

वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कोणी टाकून देत नाही, लोखंडाचे तुकडे आणि किस्से. दोन्ही कोपऱ्यात साचत जातात, आणि पाहुणे आले की आधी किस्से बाहेर निघतात.

वसमतला हळदीच्या मोंढ्यामागं दत्ता मिस्त्रींचं वर्कशॉप आहे. मी तिथं ड्रॉइंग काढतो आणि मिस्त्री ती न बघता काम करतात, असं आमचं आठ वर्षं छान चाललं आहे. छोट्या ट्रॅक्टरला पुढं-मागं जे काही जोडायचं असेल ते आम्ही बनवतो. वाळत घातलेली हळद ढकलायचं पातं ही आमची खासियत. आपल्या हातचं एकही काम आजवर माघारी आलं नाही, हे मिस्त्री दिवसातून दोनदा तरी सांगतात.

गेल्या वर्षी या वर्कशॉपमध्ये बर्फ शिरला!

* * *

फौजी म्हणजे मिस्त्रींचे शाळेतले दोस्त. शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचे. सैन्यातून रिटायर होऊन आता सोयाबीन करतात. होळी झाल्यावर एक दिवस आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, बर्फ ढकलायचं पातं पाहिजे."

मिस्त्रींनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला. "किती लाद्या हायत?"

"लाद्या न्हाई रे. आभाळातून पडतो तो."

"मंग गारा म्हण की! त्याला पातं काहून पाहिजे? दुपारपर्यंत पाणी व्हतं."

"तिकडं चार महिने ऱ्हातो. कमरेएवढा."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून काढून ठेवला. त्यांना फौजींचं खरं वाटलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यांनी फार काळजीनं विचारला.

"मंग पेरणी कवा करतेत?"

* * *

काम मात्र थट्टेचं नव्हतं. फौजींची एकदा लडाखला पोस्टिंग होती. तेव्हा रस्ता बंद झाला आणि ते नोरबू नावाच्या माणसाच्या घरी अकरा दिवस अडकले. नोरबूच्या आईनं त्यांना लेकरासारखं जपलं. फौजी अजून तिला अम्माच म्हणतात.

नोरबूची जर्दाळूची बाग आहे आणि बागेपुरता एक लहानसा ट्रॅक्टर आहे. घरापासून सडकेपर्यंत दगडगोट्यांची वाट आहे, ती हिवाळाभर बर्फाखाली असते. मागच्या हिवाळ्यात अम्मा आजारी पडली तेव्हा नोरबूनं तिला पाठीवर घेऊन सडक गाठली. आता त्यानं ठरवून टाकलं होतं, यंदा वाट मोकळी राहिली नाही तर अम्माला जम्मूला बहिणीकडं धाडायचं. अम्मा घर सोडायला तयार नव्हती.

"तिकडं कोणी बनवून देत न्हाई?" मी विचारलं.

"मोठ्या मशीनचं देतेत. एवढुशा ट्रॅक्टरला काय करता म्हणतेत."

मिस्त्रींना हे फार लागलं. एवढुशा ट्रॅक्टरांवरच त्यांचं आयुष्य गेलं होतं! "सांग त्याला," ते म्हणाले, "वसमतला व्हतं म्हणावं."

* * *

मापं मागवली. नोरबूनं बिचाऱ्यानं टेपनं सगळं मोजलं, कागदावर लिहिलं, फोटो काढून पाठवला. मी त्यावरून ड्रॉइंग काढलं.

मिस्त्री म्हणाले, "आकड्याचा भरोसा न्हाई. दोरी पाठवायला सांग."

"मिस्त्री, तो लडाखमध्ये आहे!" मी म्हणालो.

"तिकडं दोरी मिळत न्हाई का?"

फौजींनी निरोप दिला. वीस-बावीस दिवसांनी कुरिअरनं एक पाकीट आलं. आत लोकरीची जाड दोरी, तिला ठिकठिकाणी गाठी आणि प्रत्येक गाठीला चिठ्ठी. मिस्त्रींनी ती वर्कशॉपच्या फरशीवर अंथरली, गुडघ्यावर बसून गाठ न गाठ तपासली. मग माझं ड्रॉइंग आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं आणि दोरी त्याच्यातल्या आकड्यांशी लावून बघितली.

सगळं जुळलं. मी छाती काढून उभा होतो.

मिस्त्री दोरीची गुंडाळी करत म्हणाले, "दोरीवाला माणूस हुशार हाय."

* * *

बर्फाला वजन किती, हा पुढचा वाद. फौजी समजावून सांगायला लागले. "पडला त्या दिशी कापसासारखा. दुसऱ्या दिशी भिजलेल्या भुश्यासारखा. आन तसाच ऱ्हायला तर दगडासारखा."

"मी एका वस्तूचं वजन इचारलं. तू तीन वस्तू काहून सांगून राहिला?"

"एकच हाय ती!"

"मंग तुलाच बराबर माहीत न्हाई," मिस्त्री म्हणाले आणि सगळ्यात जाड पत्रा काढायला गेले.

* * *

चाकांना साखळ्या लागतील, हे फौजींनी सांगितलं तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले, "काहून? ट्रॅक्टर पळून जातो का?"

घसरतो, हे कळल्यावर मात्र त्यांनी स्वतः बसून साखळ्यांची जाळी विणली. मागं वजनासाठी दगड भरायची पेटीही आपणहून दिली.

* * *

खरं भांडण झालं ते पात्याच्या धारेवरून. फौजींना सैन्यातल्या डोझरसारखी लोखंडी धार पाहिजे होती. मिस्त्रींनी आपल्या हळदीच्या पात्याला असतो तसा कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याचा रबर लावून ठेवला.

"तिथं हळद न्हाई, मिस्त्री!" फौजी ओरडले. "काय तुटणार हाय?"

"खाली वाट तर हाय ना दगडाची? लोखंड लावलं तर पहिल्याच गोट्याला अटकल. तुला बर्फ काढायचा का वाट सोलायची?"

दोन दिवस दोघं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फौजींनी नोरबूला फोन करून विचारलं. मग आले आणि रबराचे नट आवळायला पाना धरून बसले.

* * *

ऑक्टोबरात पातं तयार झालं. ट्रायल कशावर घ्यायची? मातीवर मिस्त्रींना मान्य नव्हतं, भुश्यावर फौजींना. शेवटी ओळखीच्या एका जिनिंगवाल्याला गाठलं. अंगणात कापसाचा पांढराशुभ्र ढीग पडला होता. बघून फौजींचे डोळेच भरून आले. "सेम टू सेम!"

ट्रॅक्टर एका गिऱ्हाइकाचा आणला होता. फौजी पिशवी घेऊन खोलीत गेले आणि बाहेर आले ते सैन्यातला जाड कोट, कानटोपी आणि कोपरापर्यंतचे मोजे घालून! ऑक्टोबरचं ऊन, दुपारचे बारा. जिनिंगमधल्या बायका काम सोडून गोळा झाल्या. एकीनं मला हळूच विचारलं, "कायचा नवस हाय?"

फौजी ट्रॅक्टरवर चढले. कापूस झकास बाजूला सरकला. पण पातं उचलायची वेळ आली तेव्हा त्या जाड मोज्यात पात्याच्या लिव्हरचा बारीक दांडा काही केल्या धरता येईना. घाम गळतोय, मिस्त्री "मोजा काढ, मोजा काढ" ओरडून राहिलेत, आणि फौजी दात-ओठ खाऊन म्हणतात, "तिथं मोजा काढला तर बोटं जातेत!"

मिस्त्रींनी ट्रॅक्टर बंद करायला लावला. वर्कशॉपला जाऊन हापशाचा एक जुना दांडा कापून आणला आणि लिव्हरला तिथंच चढवला. आता मुठीत धरून ओढता येत होतं.

फौजींनी दांडा ओढला, पातं वर उचललं आणि ते कोटासकट कापसात आडवे झाले. पाणी मारल्यावर डोळे उघडून म्हणाले, "पास!"

* * *

रस्ते बंद व्हायच्या आत पातं ट्रकनं रवाना झालं. त्यानंतर डिसेंबरभर मिस्त्रींनी ते "माघारी आलं न्हाई" एकदाही म्हटलं नाही. मलाही धास्ती होती. न पाहिलेल्या ट्रॅक्टरला, न पाहिलेल्या बर्फासाठी बनवलेलं काम! चुकलं तर तिकडं एका म्हातारीला घर सोडावं लागणार होतं.

जानेवारीत एका दुपारी आम्ही डबा खात बसलो होतो. फौजी फोन पुढं धरून पळतच आत आले. व्हिडिओ कॉल होता. आधी नुसतं पांढरं दिसलं. मग कळलं, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या बर्फाच्या भिंती आहेत आणि मधून काळपट, दगडगोट्यांची वाट गेली आहे.

दारातून अम्मा बाहेर आली. अंगात पायघोळ लोकरी झगा, हातात काठी. सावकाश, वाटेच्या बरोबर मधून चालायला लागली. नोरबू फोन घेऊन मागं. आमच्याकडं कोणी घास चावत नव्हतं. ती सडकेपर्यंत पोचली, डांबरावर उभी राहिली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग वळली आणि तशीच सावकाश घराकडं निघाली.

"दवाखान्यात जायचं व्हतं का?" मिस्त्रींनी विचारलं.

फौजींनी हिंदीत विचारलं. नाही.

"कोणी येणार व्हतं?"

नाही.

"मंग सडकेवर काहून गेली?"

फौजींनी तेही विचारलं. नोरबू हसला. "ऐसे ही."

अम्मा दारापाशी पोचून पायातला बर्फ झटकत होती. मिस्त्रींनी हातातली भाकरी डब्यात ठेवली, तोंड फोनजवळ नेलं आणि सगळं वर्कशॉप दणाणेल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "म्हणावं, अजून एक चक्कर मारा!"