पत्रा कंपनीचा आणि पत्रा दादाचा

वाळूजच्या कंपनीत मी एक ट्रॉली केली. तळ तिरका, म्हणजे पार्ट आपोआप पुढं सरकतात, पोरांना सारखं वाकायला लागत नाय. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, "कर, फक्त लाईन थांबू देऊ नको." पहिल्या तिन्ही ट्रॉल्या फसल्या. चौथी अशी जमली की आता कंपनीच्या सगळ्या शॉपमधी तीच फिरती. लई भारी वाटतं!

हे माझ्या मावसभावाला कळलं. त्यानं करमाडजवळ स्वतःचं शेड टाकलंय, पत्र्याचं काम करतो. म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात कशाला डोकं चालवतीस? माझ्याकडं ये, पार्टनर हो. रविवारी काम बघ आन् तिथंच हो का नाय सांग."

गेले. मनात जवळपास हो होतं. क्रांती चौकातल्या एका दुकानाच्या रॅकचं काम चालू होतं, साधे सरळ कप्पे. मी लगेच सुरू! म्हटलं, दादा, कप्पा जरा मागं झुकवू, डबे पडणार नायत. मशीनवर पत्रा घेतला, वाकवला, चुकला. "चालतंय, दुसरा घेऊ," म्हणत हात पुढं केला.

"अगं ए बाई! हा कंपनीचा नाय, माझा पत्रा हाय!"

ओरडला, पण लगेच खाली बसला. हातोडीनं तो पत्रा ठोकून सरळ केला, फाटकी कड कापली आन् त्यातून लहान कप्पा काढला. तोंडावर असा आनंद, जणू नवीनच काहीतरी बनवलं! मी बघतच राहिले. मी असते तर नवीन पत्रा मागितला असता.

नंतर वाचलं, नोकरीत राहून असलं नवं काढणाऱ्याला इंट्राप्रेनर म्हणतात. पण कंपनीच्या पत्र्यातला आन् स्वतःच्या पत्र्यातला फरक मला तिथंच कळला होता. 

"दादा, मी नाय येत."

"का? भ्याली व्हय?"

"भ्याले नाय. मला चौथं जमतं. आधीची तीन मोडावी लागतात."

"मंग मोड की! मी नाय म्हणलो का?"

"नाय म्हणत नायस रे. पण पत्रा वाया गेला की तुझं तोंड बघवत नाय!"

फुसकन हसला. "आन् तिकडं नाव साहेबाचं होतंय, ते चालतं?"

"होऊ दे. ट्रॉली तर फिरती ना! पुढच्या वेळी नाव पण मागून घेते."

"मागशील, तू सोडणारी नायस," म्हणत त्यानं नवा पत्रा उचलला. "बरं, पार्टनर नाय तर नाय, पाव्हणी म्हणून तरी दुसरं टोक धर. आन् सरळ धर. गिऱ्हाइकानं सरळच सांगितलंय."

धरलं. एकदम सरळ.