वय : सज्ञान

टायपिस्ट मावशींचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे शेजारी म्हणत. कचेरीसमोरच्या बोळात, जिन्याखालच्या अरुंद खोलीत त्यांनी एकतीस वर्षे करारनामे टाईप केले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर म्हणत, "या बाईंना स्वप्नंसुद्धा समास सोडून पडत असतील." मावशींना ही थट्टा मनातून आवडे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हते. पदरात काय ती एवढीच कीर्ती.

शेजारची शिवणकाम करणारी बाई एका मंगळवारी मुलीला घेऊन आली, तेव्हा मावशी डबा उघडून बसल्या होत्या. मुलगी आठ महिने चौकातल्या पार्लरमध्ये काम शिकत होती. आता तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शनिवारपर्यंत मूळ गुणपत्रिका जमा करायची होती, आणि ती पार्लरवालीच्या कपाटात होती.

"देत का नाही ती?"

"म्हणते, तीन वर्षं काम करीन असं लिहून दिलंयस. ती पुरी कर, मग ने."

मुलीने झेरॉक्स पुढे केली. अक्षरांची ठेवण पाहताच मावशींचा घास तोंडातच राहिला. कागद त्यांचाच होता. पार्लरवालीने मजकूर पाठवला होता, त्यांनी तो नेहमीच्या साच्यात बसवून दिला होता. मुलीच्या नावापुढे होते, 'वय : सज्ञान'. आकडा न विचारता तेवढा शब्द टाकून मोकळे व्हायचे, ही त्या बोळात सगळ्यांचीच रीत. साच्यात तो आधीपासूनच असे. पुसायचे कुणाच्या मनातही येत नसे.

"तेव्हा वय काय होतं गं तुझं?"

"सोळा. आत्ता सतरा चालूये."

"एवढी घोडी झालीस, सही करताना वाचता येत नव्हतं?" आई कडाडली.

"सही कुठं करायची तेवढंच दाखवलं. वय कुणी विचारलंच नाही."

"तिला नको बोलूस," मावशी म्हणाल्या आणि डबा बंद केला.

ज्यांची कामे त्या वीस वर्षे करत होत्या, त्या वकिलांनी कागद उभ्या उभ्या वाचला.

"अठराच्या आतल्या मुलीचा असा करार कायद्याच्या लेखी झालेलाच नसतो. तिला यानं बांधता येत नाही. उद्या अठरा झाली आणि 'मान्य आहे' म्हणाली, तरी या कागदात जीव येत नाही. नवा करावा लागतो."

"आणि तिनं वय खोटं सांगितलं, असं पार्लरवाली म्हणाली तर?"

"तरीही बांधता येत नाही. पण तेवढ्या निमित्तानं ती गुणपत्रिका अडवून बसेल, आणि आपण अर्ज करेपर्यंत शनिवार उलटेल. सांगितलं होतं का मुलीनं?"

"नाही. मीच विचारलं नाही."

वकिलांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "हे बाहेर बोलू नका. लोक तुमच्याकडे कशासाठी येतात, तुम्हाला ठाऊक आहे."

त्या रात्री मावशींना झोप लागली नाही. बुधवारी खोली न उघडता त्या थेट पार्लरमध्ये गेल्या. दोन गिऱ्हाइके चेहऱ्याला लेप लावून बसली होती. करार झाला तेव्हा मुलगी सोळाचीच होती, असे सांगून मावशींनी गुणपत्रिका मागितली.

"ताई, पोरगीच खोटं बोलली," पार्लरवाली म्हणाली. "कागदावर सज्ञान लिहिलंय. आणि तुमचा कागद चुकत नाही, हे सगळं गाव जाणतं."

"ती काहीच बोलली नाही. न विचारता मी लिहिलं."

लेपातला एक डोळा उघडला.

"मी आठ महिने शिकवलं, ते वाऱ्यावर? कात्री धरता येत नव्हती तिला."

"शिकवलंत, खरंय. त्या आठ महिन्यांत सकाळचा केर तिनं काढला, डोकी तिनं धुतली, तेही खरंय."

पार्लरवाली हात बांधून म्हणाली, "मग चूक तुमची, असं लिहून द्या. सहीशिक्क्यासकट. आधीच सांगते, तो कागद मी इथं आरशाला लावणार. येणारी जाणारी वाचेल."

मावशींनी पिशवीतून कोरा कागद काढला, चार ओळी हाताने लिहिल्या, सही करून शिक्का उमटवला आणि कागद तिच्या पुढ्यात ठेवला.

"लावा. नीट वाचता येईल असा लावा. आणि आता ते कपाट उघडा."