पांढरं बंद

आमच्या घराण्यातले पुरुष चौसष्टाव्या वर्षी मरतात.

आजोबा चौसष्टाव्या वर्षी आंब्याच्या झाडावरून पडून गेले. थोरले चुलते त्याच वयात न्यूमोनियानं गेले. मधल्या चुलत्यांना तर काहीच झालं नव्हतं. ते दाढी करून, चहा पिऊन, पेपर वाचता वाचता गेले. कारणांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण आकडा पक्का होता. त्यामुळे अठ्ठ्याण्णव साली आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चौसष्टावं लागलं तेव्हा घरात केक आला, पण तो कापताना कुणी फारसं हसलं नाही.

आबा सरकारी वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. शरीराकडेही ते इंजिन म्हणूनच बघायचे.

"बाळू, गाडी जुनी झाली म्हणून लगेच भंगारात घालत्यात व्हय? ओव्हरहॉलिंग करायचं! मला पासष्टावं लागलेलं बघायचं हाय."

म्हणाले हसतच, पण त्या दिवसापासून देवासमोर हात जोडायला त्यांना दुप्पट वेळ लागायला लागला. ते घाबरले होते. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो.

अशात पुण्याचे एक डॉक्टर 'दीर्घायुष्याचं विज्ञान' या विषयावर व्याख्यान द्यायला कोल्हापुरात आले. आबांना नेमकं त्याच संध्याकाळी एका मयताला जायचं होतं. (गेलेला गृहस्थ बासष्टचा, त्यामुळे आबा जास्तच हादरलेले.)

"तू जा. सायन्सचा मास्तर हाईस. नीट ऐक आणि लिहून आण."

मी खरोखरच हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांसारखाच शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलो. पहिला तासभर डॉक्टर पेशींबद्दल बोलले. पेशी मला पाठ आहेत. बाहेर वडे तळल्याचा वास येत होता. मी पाचच मिनिटं गेलो! परत आलो तेव्हा डॉक्टर समारोपाला आले होते आणि टेबलावर मूठ आपटून सांगत होते, "एवढंच लक्षात ठेवा. पांढरं बंद, लाल भरपूर, आणि जेवल्यावर चाला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तेलकट हातानं जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागे लिहून घेतलं: 'एक, पांढरं बंद. दोन, तांबडं भरपूर. तीन, जेवून चाला.'

डॉक्टर 'लाल' म्हणाले होते. मी 'तांबडं' लिहिलं. कोल्हापुरातला हात लालचं तांबडंच करतो, त्याला विचारावं लागत नाही. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडे मटणाचे दोन रस्से होतात. मिरचीचा, डोळ्यांतून पाणी काढणारा तो तांबडा. आणि नारळाच्या दुधातला, सौम्य, तो पांढरा. कोल्हापुरात नुसतं 'तांबडा' किंवा 'पांढरा' म्हटलं की वाटी पुढे येते.)

आबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"बाळू, हे खरंच विज्ञान हाय?"

"मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आबा."

"तांबडा... भरपूर?"

"भरपूर म्हणाले."

"माणूस पुण्याचा असून एवढा शहाणा!" आबा म्हणाले, आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला.

मला शंका यायला हवी होती. पण मला तांबडा रस्सा फार आवडतो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातून पांढरा रस्सा हद्दपार झाला आणि तांबडा रोज व्हायला लागला. आईनं विरोध केला. आमच्याकडे मटण फक्त बुधवारी आणि रविवारी. बाकीचे वार देवांनी वाटून घेतलेले.

"आवं, आज गुरुवार हाय!"

"औषधाला वार बघत्यात व्हय? खोकल्याचं औषध गुरुवारी देणार न्हाईस काय मला?"

शेवटी तडजोड झाली. देवांच्या वारी वांग्याचा रस्सा, पण तितकाच तांबडा. आबा तो सकाळी नाश्त्यालाही पेल्यातून घ्यायचे, घाम पुसायचे आणि म्हणायचे, "इंजिन गरम झालं!" मग 'जेवून चाला' म्हणून रंकाळा तलावावर फिरायला जायचे.

तिथं त्यांची निवृत्तांची टोळी होती. आबांनी खिशातला कागद काढून सगळ्यांना वाचून दाखवला. पंधरा दिवसांत त्या टोळीतल्या प्रत्येक घरात पांढरा बंद झाला! रस्त्यात मला अनोळखी म्हातारे थांबवायला लागले. "मास्तर, दोन पेलं घेतलं तर चालतंय का तीन?" मी गंभीरपणे म्हणायचो, "प्रकृती बघून घ्या." मला कुणी इतक्या आदरानं शंका विचारल्याला वीस वर्षं झाली होती.

मग उचगाव झालं.

उचगाव ही माझी सासुरवाडी. मेव्हण्याच्या लेकाचं जावळ होतं आणि पंगतीला आम्ही पहिल्या रांगेत. माझ्या सासूबाईंच्या हातचा पांढरा रस्सा खायला हातकणंगल्याहून माणसं येतात. त्या स्वतः मानानं बादली घेऊन वाढायला निघाल्या आणि आबांसमोर थांबल्या.

"पावणं, पांढरा घ्या की!"

आबांनी वाटीवर पंजा ठेवला. "न्हाय. पांढरं बंद केलंय."

"कशापायी?"

"त्येनं माणूस लवकर मरतंय म्हणं."

चाळीस माणसांच्या हातातल्या वाट्या ओठांजवळ थांबल्या.

"माझ्या रस्शानं माणूस मरतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"मी न्हाय म्हणत! बाळूनं लिहून आणलंय. इचारा की त्येला!"

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. त्यांत एक माझ्या बायकोची, सुनीताची होती. मी कसाबसा घास गिळला आणि म्हणालो, "विज्ञान तसं म्हणतं खरं."

सासूबाईंनी बादली खाली ठेवली आणि आत निघून गेल्या. सुनीता पुढे आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "विज्ञानाला सांगा, चहा ओट्यावर ठेवलाय."

आणि चौसष्टावं संपायला बरोबर नऊ दिवस राहिले असताना आबा नाश्त्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, "बाळू, छातीत आग पडलीया."

कपाळाला घाम, चेहरा पांढराफटक. मी रिक्षा आणली. रिक्षात आबांनी माझा हात घट्ट धरला. "नऊच दिस राहिलं हुतं रं," ते म्हणाले. मला सरळ रडू येत होतं. पेशींबद्दल मला जे काही माहीत होतं, त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, दोनदा बघितला आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. हे पित्त आहे. आबा, खाता काय तुम्ही?"

"डॉक्टरनं सांगितल्यालंच खातुया!" आबांनी खिशातून कागद काढला. "ह्यो बघा. पांढरं बंद, तांबडं भरपूर."

डॉक्टर खूश झाले. "उत्तम! म्हणजे बीट, टोमॅटो?"

"बीट कशाला? रस्सा की! दोन पेलं सकाळी, दोन दुपारी. रंकाळ्यावरची आमची समदी गँग घेती."

डॉक्टरांनी टेबलावर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं, ते रडतायत.

"तरीच!" शेवटी ते डोळे पुसत म्हणाले. "तरीच रंकाळ्यावरचा एकेक म्हातारा पित्ताला माझ्याकडे येतोय! अहो, पांढरं म्हणजे मीठ, साखर, मैदा. लाल म्हणजे भाज्या, फळं."

आबा खुर्चीत पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "मंजे पांढऱ्या रस्शाचा ह्यात काय संबंध न्हाय?"

"काडीचा नाही."

"उचगावला हात लावला न्हाय वो मी त्येला!" इतक्या दुःखानं ते रिक्षातही बोलले नव्हते.

डॉक्टरांनी कागद उलटून बघितला. मागे माझीच सहामाहीची प्रश्नपत्रिका होती. "हे लिहिलं कुणी?"

"पोरानं. सायन्सचा मास्तर हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या शाळेत?" त्यांनी विचारलं. "माझी मुलगी पुढच्या वर्षी आठवीत जातेय."

नऊ दिवस आबा दहीभातावर राहिले. दहावा दिवस उजाडला, पासष्टावं लागलं आणि आमच्या घराण्याचा आकडा मोडला. आबांनी अंघोळ केली, देवाला झटकन हात जोडले आणि मला म्हणाले, "स्कूटर काढ. उचगावला जायाचं हाय." तिथं सासूबाईंसमोर मांडी घालून त्यांनी तीन वाट्या पांढरा प्यायला. "इहीणबाई, चूक पोराची हाय," ते म्हणाले. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि सुनीतानं त्या दिवशी चहा माझ्या हातात दिला.

एवढ्यावर मिटलं असतं. पण 'घरात सगळ्यांनी तेच खाल्लंय' म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. आबांचं निर्मळ निघालं. माझं कोलेस्टेरॉल बघून मात्र त्यांनी हसणं थांबवलं आणि दोन्ही रस्से बंद केले. माझे!

आज आबा पंच्याहत्तरीत आहेत. रविवारी एक वाटी तांबडा, एक वाटी पांढरा घेतात आणि वाटी ठेवताना माझ्याकडे बघून "आहाहा!" म्हणतात. तो कागद त्यांनी तांबड्या शाईनं तपासून, दहापैकी दोन गुण देऊन फ्रिजवर चिकटवलाय. (दोन गुण 'जेवून चाला'चे.) त्या कागदासमोर बसून मी रोज उकडलेला दुधी खातो. दुधी आतून पांढरा असतो, हे माझ्या लक्षात आलंय, पण घरात कुणाला बोललो नाही. बोललो, तर तोही बंद व्हायचा!