नरसाळ्यातले शंख

काकूंना कोणी कामाबद्दल विचारलं की त्या सांगायच्या, "समुद्रात जे वरून खाली पडतं ना, ते मी निवडते." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई मासळीच्या धंद्यात आहे. काकू तेवढ्यावरच सोडून द्यायच्या, कारण पुढचं समजावत बसायचं म्हणजे हातातला चहा गार.

आपण मात्र सांगू. पार उत्तरेकडच्या थंडगार समुद्रात, वरच्या पाण्यात, डोळ्यांना धड दिसतही नाहीत असे जीव तरंगत असतात. त्यांना प्लवक म्हणतात. त्यातल्या काहींना अंगाभोवती चुन्याचं घर बांधायची भारी हौस. घर रव्याच्या कणाहून बारीक, पण त्याला खोल्या आहेत, भिंती आहेत, दारंसुद्धा आहेत. आतला जीव गेला की रिकामं घर निघालं खाली. जाड भिंतीचं असलं तर झपाझप उतरतं. पातळ असलं तर रेंगाळतं, कशाकशाला चिकटतं, आणि कधी कधी वाटेतच विरघळून जातं. तळाशी किती पोचतात आणि कधी पोचतात, हे कळावं म्हणून काकूंच्या संस्थेने त्या समुद्रात खोलवर एक भलंमोठं नरसाळं टांगून ठेवलं होतं. त्याच्या खालच्या टोकाशी फिरती चकती आणि चकतीला बाटल्या. ठरलेला काळ झाला की चकती सरकायची आणि पुढची बाटली नरसाळ्याखाली यायची. हिवाळ्यातल्या बाटलीत चिमूटभर गाळ. बर्फ हटून ऊन आलं की मात्र पुढच्या बाटलीत नुसती झुंबड.

हे नरसाळं पाण्यात सोडायचं आणि वर्षाने ओढून काढायचं काम कोणाचं, तर काकूंच्या नवऱ्याचं. ते बोटीवर यारी, म्हणजे जड सामान उचलायचं यंत्र, चालवायचे. बोटीवरचे सगळे त्यांना मामा म्हणायचे आणि संस्थेतले सगळे त्यांच्या बायकोला काकू. हे नातं कसं जुळवायचं, याचा विचार कोणी कधी केला नाही.

बाटल्या भरायचं कामही मामांचंच. खारं पाणी, गाळ कुजू नये म्हणून फॉर्मलिन आणि वर टाकणखार. टाकणखार विसरला तर संपलंच. फॉर्मलिन हळूहळू आंबट होत जातं आणि आत पडलेली ती चुन्याची घरं, म्हणजे शंख, खाऊन टाकतं. म्हणून मामा बाटलीला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचे नाहीत. बोटीवर हा माणूस राजा होता. किनाऱ्यावर आला की काय करावं ते सुचायचं नाही बिचाऱ्याला. स्वयंपाकघरातले डबे उगीच इकडचे तिकडे लावायचा आणि काकूंच्या शिव्या खायचा.

वर आलेल्या बाटल्या काकूंच्या टेबलावर यायच्या. प्रत्येक बाटलीतल्या गाळाचे दोन सारखे भाग करायचे. एक शीतखोलीत जपून ठेवायचा, दुसरा धुऊन थाळीत पसरायचा. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून, अगदी बारीक कुंचल्याच्या टोकाने एकेक शंख उचलायचा आणि काळ्या कप्प्यांच्या पट्टीत मांडायचा. कोरड्या टोकाला शंख चिकटत नाही, फार ओल्याला चिकटला तर सुटत नाही. त्यासाठी पाण्याची वाटी शेजारी असतेच. पण निवडणाऱ्या बाया ते टोक सरळ जिभेला लावतात. जिभेएवढी बेताची ओल वाटीला कुठून येणार? मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, ओरडून ओरडून थकल्या होत्या.

त्या वर्षी समुद्र शांत होता. मामांना बोट लागायची, हो, उभा जन्म बोटीवर काढलेल्या माणसाला! म्हणून ते लिंबाच्या आंबट गोळ्या जवळ बाळगायचे. या खेपेला पिशवीच्या पिशवी उरली. ती त्यांनी बायकोच्या हातात ठेवली. "एवढा समुद्र पालथा घालून बायकोला काय आणलं, तर उरलेल्या गोळ्या!" काकू म्हणाल्या. पण पिशवी गेली ती थेट त्यांच्या कामाच्या कोटाच्या खिशात.

महिनाभराने मोठ्या बाईंनी भरलेल्या पट्ट्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. शंखांची काचेसारखी चमक गेलेली, अंगावर खड्डे, पातळ भिंतींची तर चाळण झालेली. त्यांनी मामांना बोलावून विचारलं, "टाकणखार घातला होतात ना?"

मामांनी एकदा त्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "राहिला असेल, बाई. विसरलो असेन."

वर्षभराची मेहनत पाण्यात गेली होती. बाई भल्या होत्या, तरी असं ऐकल्यावर त्या तरी काय करणार? पुढच्या फेरीला यारीवर दुसरा माणूस जाईल आणि मामा किनाऱ्यावरचं कोठार सांभाळतील, असं त्या म्हणाल्या. फक्त शीतखोलीतला दुसरा भाग तेवढा बघायचा राहिला होता. तो पण असाच निघाला की ठरलं.

काकूंनी घरी येऊन नवऱ्याला फैलावर घेतलं. "विसरलात? तुम्ही? घरातलं मीठ विसराल, पण टाकणखार?"

"वय झालं गं आता. गार वाऱ्यात बोटं बधिर होतात, डोकंही होत असेल," मामा म्हणाले आणि उठून डबे लावायला लागले. हा माणूस जन्मभर कोठारात डबे लावत बसणार, एवढंच काकूंना दिसत होतं. त्या दिवशी त्यांनी त्याला लावू दिले.

दुसऱ्या दिवशी शीतखोलीतला भाग काढायचं काम काकूंकडेच आलं. त्यांनी तो धुतला, थाळीत पसरला आणि देवाचं नाव घेत डोळा लावला. आणि काय सांगू! एकेक शंख लखलखीत. पातळातला पातळसुद्धा धड. काकू खुर्चीतून ताडकन उठल्या. घातला होता! माझ्या नवऱ्याने टाकणखार घातला होता! आनंदाच्या भरात त्यांनी खिशातून एक गोळी काढून तोंडात टाकली, पुरावा म्हणून चार शंख पट्टीत मांडले आणि मोठ्या बाईंना शोधायला धावल्या.

बाई बैठकीत होत्या. त्यांना घेऊन परत येईपर्यंत दुपार झाली. बाईंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "थाळीतले उत्तम आहेत. पण पट्टीतले हे चार अंधुक कसे?"

काकूंनी पाहिलं. सकाळी चमकत होते तेच चार. थाळी आणि पट्टी यांच्यामध्ये होता फक्त कुंचला. कुंचल्याच्या आधी होती जीभ. आणि जिभेवर... काकूंनी गालातली गोळी सावकाश हातावर काढली.

बाईंनी एकदा गोळीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग खणातून, आंबट लागलं की लाल होणारी कागदाची पट्टी काढली. "जीभ बाहेर काढा." काकूंनी लहान मुलीसारखी जीभ काढली. कागद टेकवला आणि क्षणात लालभडक झाला.

"काकू, अहो, लाज वाटते का थोडी?"

"वाटते, बाई. खूप वाटते. मला हवं ते बोला, पण यांना बोटीवर राहू द्या."

बाई रागावल्या, चांगल्या खडसावून रागावल्या. शीतखोलीतला सगळा गाळ पुन्हा निवडायचा, आणि वाटीतल्या पाण्यानेच. शेवटी मात्र त्यांना हसू आवरेना. मामा बोटीवर जातील, म्हणाल्या.

काकू धापा टाकत घरी आल्या. मामा फाटलेला हातमोजा शिवत बसले होते. काकूंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मामांनी मान डोलवली. "बरं झालं, सापडलं एकदाचं."

"बरं काय झालं! मला आधी सांगा, टाकणखार घातल्याचं आठवत होतं तुम्हाला?"

"आठवत होतं की. बाटली न् बाटली आठवते."

"मग विसरलो म्हणून का सांगितलंत? बोट सुटणार होती तुमची!"

मामांनी सुई मोज्यात खोचून ठेवली. "अगं, बाटली माझ्या हातातून निघते ती तुझ्याच हातात येते. मी घातला होता म्हटलं असतं, तर बाईंनी पुढे कोणाकडे बघितलं असतं?"

"माठ आहात तुम्ही, अगदी माठ," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसून, खांद्यावर डोकं टेकून घळाघळा रडल्या.