इमारतीच्या कपाळावरची पट्टी

मलकापुरात घरपट्टी भरायला हौसेने जाणारा माणूस एकच, माणिकराव. वसुलीवाला गल्लीत दिसला की लोक मागच्या दाराने सटकतात. माणिकराव मात्र एक एप्रिलला इस्त्रीचा सदरा घालून नगरपालिकेच्या खिडकीपाशी हजर, तेही खिडकी उघडायच्या आत. वर्षाची पहिली पावती आपलीच निघाली पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि थट्टा करत करत गावानेही तो मानलेला.

हट्टाला कारण होतं. वडिलांच्या नावावर कधी चार भिंती लागल्या नाहीत. माणिकराव स्वतः रेल्वेत गँगमन, सारी नोकरी क्वार्टरात गेली. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी स्टेशनजवळ दुमजली इमारत बांधली, खाली दुकानं काढली आणि वर मोठ्या अक्षरात नाव रंगवलं : पंचफुला कॉम्प्लेक्स. ज्यांचं नाव रंगवलं त्या माणिकरावांच्या पत्नी पंचफुलाबाई लाजेने कितीतरी दिवस त्या रस्त्याने गेल्या नाहीत. घरपट्टीच्या पहिल्या पावतीवर ‘मालक’ या शब्दापुढे आपलं नाव वाचून माणिकराव खिडकीपाशीच रडले. ती पावती घरात बुद्धाच्या फोटोखाली फ्रेम करून लावली आहे. पाहुण्यांना आधी ती दाखवतात, मग पाणी देतात.

वरच्या मजल्यावर नौशाद टेलर. इमारतीचा पहिला भाडेकरू आणि माणिकरावांचा सकाळच्या चहाचा सोबती. एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नाही.

पण वरचा मजला म्हणजे तापलेला तवा. उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की पंखे नुसती गरम हवा ढवळत बसायचे आणि विजेचं बिल तेवढं वाढवायचे. शिवणाऱ्या बायका दुपारी काम टाकून घरी जायच्या. शेवटी गेल्या मे महिन्यात चहा पिताना नौशाद खाली मान घालून म्हणाला, “माणिकभाऊ, हायवेवर जागा पाह्यली. बकरीद झाली की जाऊन राह्यलो.”

“जाय न बे, कोण अडवते तुले!” माणिकराव म्हणाले. त्या दिवशी त्यांचा चहा अर्धा तसाच राहिला.

त्याच सुमारास नगरपालिकेने दुकानांच्या इमारतींसाठी एक योजना काढली होती. छताला ऊन अडवणारा थर, खिडक्यांवर छज्जे, कमी वीज खाणारे पंखे, असं सगळं आधी करून द्यायचं आणि खर्च इमारतीच्या घरपट्टीत जोडून दरसाल थोडा थोडा वसूल करायचा. खिडकीवरच्या कारकून धम्मशीलाने माणिकरावांना हे समजावून सांगितलं. ते ऐकून माणिकराव भडकले.

“कर्ज? माह्या घरपट्टीवर?”

“काका, तुमच्या नावावर नाही. इमारतीवर. उद्या इमारत विकली, तर उरलेलं घेणारा भरेल.”

“पावती तं माह्याच नावाची हाय न? इतके वर्ष कोरी ठेवली, आता तिच्यावर बोजा चढवू?”

तरातरा निघाले ते भर दुपारी थेट नौशादकडे, या नव्या खुळाची तक्रार करायला. वर मशिनी बंद होत्या. निम्मं सामान पोत्यांत बांधलेलं होतं, आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवलेल्या जागी पांढरा गोल उरला होता. माणिकरावांनी एका पोत्याची गाठ चाचपून पाहिली. खुर्चीत टेकले, कपाळाला हात लावला, आणि दोन शब्दांतच त्यांची मान कलली. ऊन लागलं होतं.

नौशादने त्यांना कापायच्या टेबलावर आडवं केलं आणि अस्तराचं कापड टरकन फाडून, भिजवून कपाळावर ठेवलं. निरोप मिळताच पंचफुलाबाई कैरीचं पन्हं घेऊन धावत आल्या. माणिकरावांनी डोळे उघडले तेव्हा नौशाद पट्टी बदलत होता.

“इतकी गरमी होते इथं?” माणिकरावांनी विचारलं.

“रोजच होते, भाऊ. तुमी सकाळी येता, म्हणून तुमाले मालूम नाई.”

माणिकरावांना फार लाज वाटली. कोरी पावती जपता जपता आपण आपल्या माणसाला भट्टीत बसवून ठेवलं. पडल्या पडल्याच ते धम्मशीलाचं बोलणं सांगू लागले, पण अजूनही कुरकुरतच. पंचफुलाबाईंनी पन्ह्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

“आता तुमाले ताप चढला, तं नौशादभाऊनं पट्टी कोणाच्या कपाळावर ठेवली?”

“माह्या.”

“मंग हे इमारत तापली, तं तिची पट्टी तिच्याच कपाळावर ठेवा न. तुमी काऊन डोकं धरून बसता?”

नौशाद हसला. माणिकरावही हसले, आणि हसताना पट्टी घसरून नाकावर आली. पोती त्याच संध्याकाळी सुटली.

पावसाळ्याआधी स्लॅबवर थर बसला. त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे चमकू लागले. नवे छज्जे, नवे पंखे आले. बायका दुपारभर बसू लागल्या, आणि माणिकराव जेवण झालं की ‘छत पाहून येतो’ म्हणून वर जाऊन झोपू लागले. वाढलेल्या हप्त्याला पंचफुलाबाईंनी नाव दिलं ‘थंड पट्टी’, आणि गावाने ते उचललं.

या एक एप्रिलला माणिकराव इस्त्रीचा सदरा घालून निघाले. नगरपालिकेच्या पायऱ्या चढले आणि थबकले. बंद खिडकीपुढे नौशाद उभा होता, ईदचा कुर्ता घालून.

“तू इथं काऊन बे?”

“थंड पट्टी मी भरतो, भाऊ. छत तुमचं, पण गारवा माह्या डोक्यावर हाय.”

माणिकरावांनी पुष्कळ भांडून पाहिलं. तेवढ्यात खिडकी उघडली.

“नाव?” धम्मशीलाने सवयीने विचारलं.

“माणिकराव,” नौशादने सांगितलं.

पंचफुला कॉम्प्लेक्सचे मालक त्या सकाळी पहिल्यांदाच रांगेत दुसरे उभे होते, आणि डोळे पुसायला सदऱ्याची बाही शोधत होते.