आमच्या गल्लीचं नाक

दोन्ही हात पाठीमागं बांधायचे, कमरेतून वाकायचं, डोळे मिटायचे आणि भांड्यावर नाक आणून एक लांब श्वास घ्यायचा. समोर उभ्या माणसाचा जीव टांगणीला लागायचा. मग शेजारच्या खाला डोळे उघडून म्हणायच्या, "हौ. खाओ." नाहीतर, "नक्को. फेको."

हात पाठीमागं कशासाठी? भांडं आमच्या सासूबाईंचं असायचं म्हणून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आमच्या आणि खालांच्या परसात एक बुटकी भिंत होती. भांडं त्या भिंतीवर ठेवायचं, झाकण मी काढायचं आणि खालांनी शिवायचं नाही, असं दोघींचं न बोलता ठरलेलं होतं. श्वास चालायचा, बोट चालायचं नाही. तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं, पण पदरात तोंड घालून.

शहागंजच्या मागच्या त्या गल्लीत निम्मी माणसं साठीच्या पुढची. खालांचं वय कोणी विचारलं तर म्हणायच्या, "पोलीस ॲक्शनच्या साली माझी पोरगी चालत होती, लाव हिशेब." नवरा गेलेला, पोरगी सासरी, मुलगा करमाडला, सणावारी यायचा. घरात एकट्या. पण दार कधी रिकामं नसे. कोणी कालची आमटी घेऊन उभं, कोणी दही, कोणी बुरशी धरल्यासारखे दिसणारे शेंगदाणे.

हे सुरू झालं भीतीतून. सिल्लोडच्या एका लग्नात खालांच्या थोरल्या बहिणीनं सकाळचं जेवण संध्याकाळी खाल्लं, आणि ती उठलीच नाही. "तरण्या पोरी खाल्ल्या, त्यांना काय नाय झालं. बुढ्ढी तेवढी गेली," खाला सांगायच्या, आणि सांगताना हातातलं झाकण वाजायचं.

म्हणून त्या सगळ्यांना विचारत सुटायच्या. किराणावाला म्हणाला, म्हाताऱ्यांनी केळं खाऊ नये. कंपाउंडर म्हणाला, केळंच खावं. रेडिओवर काही लागलं की कान लावायच्या, पण नेमकं तेव्हाच खरखर सुरू. शेव बांधून आलेला कागदसुद्धा मला वाचायला लावायच्या. एकदा वर छापलं होतं, "साठीनंतर दुधाचे सेवन..." आणि पुढं तेलाचा हा मोठा डाग. करायचं का सोडायचं, ते डागाखाली. खालांनी तो कागद उन्हात धरला, दिव्यापुढं धरला. शेवटी घाबरून महिनाभर दूध सोडलं.

आणि मी? मी होमसायन्सचं एक वर्ष करून लग्न केलेली. प्रथिनं, कर्बोदकं, जीवनसत्त्वं एवढे तीन शब्द घेऊन सासरी आले होते आणि कोणी न विचारता तिन्ही एका दमात म्हणायची. शिवाय माहेरहून फ्रिज आणलेला, गल्लीतला पहिला. त्यात ठेवलेलं अन्न अमर होतं, असा माझा शास्त्रीय समज होता. खालांच्या वास घेण्याला मी अडाणीपणा म्हणायची. माझंही नाक होतं की, पण ते वर करून चालण्यासाठी.

एका वर्षीचा उन्हाळा. रात्री गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नव्हती. फ्रिजमध्ये शेवयांची खीर होती.

"आत्याबाई, फ्रिजमध्ये होती. काय होतंय तिला?" मी.

"तुझ्या कपाटाचं मला सांगू नको. खालाला दाखव."

भांडं भिंतीवर गेलं. झाकण काढलं. खाला वाकल्या, डोळे मिटले, श्वास घेतला.

"हौ. खाओ."

आत्याबाईंनी वाटीभर खाल्ली. वर बोट फिरवून वाटी पुसली.

उन्हं कलली तेव्हा त्यांना पहिली उलटी झाली. मग थांबेचना. हातपाय गार, ओठ पांढरे. मला नावानं हाक मारायला गेल्या तर शब्द फुटेना. माझे तिन्ही शब्द कुठं पळाले कोण जाणे. हे आले, त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातूनच नाक धरलं. "काय आंबलंय हे?" खिरीचं भांडं तसंच उघडं होतं. मी पहिल्यांदा वाकून वास घेतला आणि मागं सरले. हा वास खालांना आला नाही?

आत्याबाईंना रिक्षात घालून हे दवाखान्यात गेले. मी घर उघडं टाकून खालांकडं धावले. दारातच धूर. स्टोव्हवर दूध करपून काळं झालेलं, डोळ्यांत पाणी येईल असा जळका वास, आणि त्या पाठ करून हाताच्या अंतरावर तांदूळ निवडत बसलेल्या.

"खाला! दूध जळतंय!"

त्यांनी वळून भांड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. चोरी पकडल्यावर लेकराचं तोंड होतं तसं तोंड झालं.

"कवापासून?" मी विचारलं.

"थंडीत सर्दी झाली. सर्दी गेली, नाकाला बी संगं घेऊन गेली."

"मग सगळ्यांना हो-नाही कशावरून सांगत होता?"

"रंग बघायची. भांडं धरलेल्या माणसाचं तोंड बघायची." मग माझा हात धरून हळू म्हणाल्या, "किसी को मत बोल, दुल्हन. नाक गेलं म्हणलं तर या दारात कोण येईल? दिवसभर भिंतींशी बोलू का मी?"

मी म्हणाले, "खाला, आत्याबाई दवाखान्यात आहेत. खीर..."

पुढं बोलावं लागलं नाही. त्या खालीच बसल्या. तांदूळ सगळे घरभर झाले.

वॉर्डात आत्याबाईंच्या हाताला सलाईन, डोळे मिटलेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण भुवया फार कडक. "या वयात अंगातलं पाणी फार लवकर जातं. अजून काही सांगता येत नाही," म्हणाल्या. मी स्टुलाला धरून उभी. "काय खाल्लं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. खाला बुरख्यात, धापा टाकत. माझ्या मागोमाग आल्या होत्या.

"खीर खाल्ली, डॉक्टरनी. म्या सांगितलं म्हणून खाल्ली. म्या सूंघी. माझ्या नाकाला काय कळत नाय, तरी बी हौ बोल्ली."

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. मला वाटलं, डॉक्टरीणबाई आता हिला हाकलणार. त्यांनी खालांकडं नीट बघितलं. "आजी, नाक शाबूत असतं तरी भरवसा नव्हता. कितीतरी बाधणाऱ्या अन्नाला वासच येत नाही. आणि वय झालं की नाक मंद होतंच, ते जातं तेव्हा सांगून जात नाही."

"मग कशावर भरवसा ठेवायचा?"

"वेळेवर. कधी शिजवलं, किती वेळ बाहेर राहिलं, ते बघायचं. ताजं करा, गरम आहे तोवर खा. उरलं तर बाहेर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये. खाताना वाफ येईपर्यंत गरम करा. आणि रात्रभर वीज नसली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. खीर, दूध, आमटी, टाकून द्यायचं. जीव तुटला तरी."

कपाट! शुद्धीत असत्या तर आत्याबाई उठून नाचल्या असत्या.

खाला हलेनात. त्यांनी गल्लीभरचे सवाल काढले. बुरशीचे शेंगदाणे धुऊन चालतात का? नाही, फेका. दूध सोडू का? कोणी सोडायला सांगितलं? केळं? साखरेचा आजार नसेल तर खुशाल खा. आणि गल्लीतल्या कोणाला साखर, कोणाला रक्तदाब, त्यांनी आपापलं येऊन विचारायचं, एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही. डॉक्टरीणबाई शेवटी स्टूल ओढून बसल्याच.

"इतकं सगळं तुम्हाला कोण विचारत नाय का?" खालांनी विचारलं.

"विचारतात की. किराणावाल्याला."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी डोळे उघडले. तोवर खाला गल्लीत घरोघर गेल्या होत्या. मी दारातून बघत होते. प्रत्येक उंबऱ्यावर थांबायच्या, भिंतीला हात लावायच्या, मग कडी वाजवायच्या. "माझं नाक मेलंय. माझ्याकडं कोणी भांडं आणू नका. दवाखान्यात बाई आहे, तिला विचारा." कोपऱ्यावरचे पेन्शनर अण्णा ओरडले, "म्हणजे थंडीपासून आम्ही काय खाल्लं मग?" "नशीब खाल्लं, अण्णा," म्हणाल्या आणि पुढच्या दाराशी गेल्या.

खरंच कोणी भांडं आणेना. चार दिवस त्यांच्या दाराची कडी वाजली नाही. त्या उंबऱ्यात बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायच्या. माणसं मान हलवून पुढं जायची. खालांना ज्याची धास्ती होती ते समोर येऊन बसलं होतं.

आत्याबाई घरी आल्या. आता भिंतीवरून जो दारूगोळा उडेल त्याच्या भीतीनं मी कानांत बोटं घालायच्या बेतात. त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि विचारलं, "ती जेवली का?"

"कोण?"

"कोण म्हणे! जिनं मला वर धाडलं होतं ती."

दुपारी भाकरी तव्यावरून उतरली तशी ताट घेऊन त्या परसात गेल्या. ताट भिंतीवर ठेवलं. "ए खाला! तुझं ताट आण. गरम आण. तू माझं बघ, मी तुझं बघते. शिळं खाल्लं तर याद राख."

"म्या मारून टाकलं असतं तुम्हाला, माय."

"जमलं नाही ना? जेव."

खालांनी ताट आणलं. रडणं आणि भाकरी दोन्ही एकदम चालू. भिंत मधेच होती, पण दोन ताटं तिच्यावर कडेला कड लावून.

तसंच चालू राहिलं, कैक वर्षं. गल्लीतल्या म्हाताऱ्या हळूहळू आपापल्या पितळ्या घेऊन तिथं यायला लागल्या. कोणाला कोणत्या डॉक्टरनं काय सांगितलं ते जेवता जेवता बोलायचं, ऐकीव असेल ते बाजूला ठेवायचं.

खाला एका हिवाळ्यात झोपेतच गेल्या. मुलगा आला, सगळं झालं, दाराला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई ताट घेऊन भिंतीपाशी बसल्या. ज्वारीच्या भाकरीची वाफ वर गेली, विरली. आमटीवर पापुद्रा धरायला लागला. त्या जेवेनात, उठेनात.

मला भीती वाटायला लागली. मी जवळ गेले. "आत्याबाई, गरम आहे तोवर खाऊन घ्या."

त्यांनी ताट जरा पुढं सरकवलं, भिंतीच्या पलीकडच्या कडेपर्यंत.

"आज निवू दे," म्हणाल्या.