लंडनमध्ये झाड असलेली खोली

दत्तूच्या अस्थी पोस्टाने मागवायच्या नाहीत असं आईने सांगितलं, म्हणून मी लंडनला गेलो. नाहीतर नाशिकच्या कचेरीतल्या कारकुनाला विलायतेचं काय काम?

दत्तू माझा धाकटा भाऊ. तिकडे इंजिनिअरिंग शिकत होता, ऐन हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला. मित्रांनी तिथल्या रीतीने दहन केलं, राख डब्यात भरून ठेवली आणि पार्सल करू का म्हणून विचारलं. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "पार्सल करायला ती काय आंब्यांची करंडी आहे? तू जा आणि घेऊन ये. आणि वाटेत त्याला कुणाच्या घरात ठेवू नकोस. झाडाला बांध."

आमच्याकडे अस्थी घरात नेत नाहीत. रामकुंडावर सोडायला परगावहून येणारेसुद्धा गाठोडं बाहेर फांदीला अडकवतात आणि मगच उतरायच्या जागी पाऊल टाकतात. हे मी लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे आईचं सांगणं मला मुळीच अवघड वाटलं नाही.

साठलेली रजा घेतली. नाशिकरोडहून मुंबई, तिथून बोट. जाणाऱ्यांसाठी सांगतो: शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी जेवण वाढणाऱ्या मुख्य माणसाला गाठा. मी लाजलो आणि एडनपर्यंत पाव-बटाट्यावर राहिलो. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं बरोबर होतं म्हणून निभावलं. लोक खुर्च्या टाकून समुद्र पाहत बसत. मला बसवत नसे. मी डेकवर सारख्या फेऱ्या मारी. मार्सेलला उतरून रेल्वेने फ्रान्स ओलांडलात तर बोटीचा बराच वळसा वाचतो. पैसे थोडे जास्त पडतात. मी ते दिले, कारण माझा जीव थांबत नव्हता.

व्हिक्टोरिया स्टेशनवर दत्तूचा मित्र काळे आला होता. साताऱ्याचा, वकिलीला बसलेला, बोलका. त्याने मला हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात उतरवलं. नवख्याला जागा चांगली आहे. भात मिळतो, मराठी कानावर पडते. खोली मात्र तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकीतून नुसती धुराडी.

"इथे झाड कुठे आहे?" मी विचारलं.

"अण्णा, आल्या आल्या झाड? आधी चहा घ्या." दत्तूचं ऐकून काळेही मला अण्णाच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दत्तूच्या घरमालकिणीकडे गेलो; मित्रांनी डबा तिच्याकडेच ठेवला होता. मिसेस होल्ट. साठीची, उंच, एकटी राहणारी विधवा. तिने आम्हाला खालच्या बैठकीत नेलं. भिंतीतल्या शेगडीवरच्या फळीवर घड्याळाशेजारी डबा ठेवला होता, पुढे पिवळी फुलं.

"मी रोज संध्याकाळी इथे विस्तव करते," ती म्हणाली. "त्याला फार थंडी वाजायची."

म्हणजे इतके महिने दत्तू घरात होता. मला तिथे उभं राहवेना. मी माझ्या कचेरीच्या इंग्रजीत सांगितलं की डबा बाहेर ठेवायला हवा, झाडाला बांधून.

"बाहेर? पावसात?"

"आमची तशी पद्धत आहे."

"थंडीने गेलेला मुलगा तो. तुमच्याकडे आवडत्या माणसाला असं बाहेर ठेवतात?"

  माझी जागा ठरली की घेऊन जाईन, एवढं म्हणून मी निघालो.

परतीच्या बोटीला अजून अवकाश होता, म्हणून जागा शोधायला लागलो. लंडनमध्ये भाड्याच्या खोलीची पाटी खिडकीतच लावतात. दार वाजवायचं, खोली पाहायची. भाड्यात सकाळचा नाश्ता असतो, कढत पाण्याचे पैसे वेगळे. शेगडी गॅसची, तिच्या यंत्रात नाणं टाकावं लागतं, आणि संपलं की पायांत गारठा शिरतो. खोली घेण्याआधी हे सगळं विचारून घ्या. मी यातलं काहीच विचारलं नाही. मी आधी मागचं अंगण दाखवा म्हणायचो.

"बहुतेक लोक न्हाणीघराची चौकशी करतात," एक बाई म्हणाली. तिच्या अंगणात कोळशाची कोठी होती. आणखी दोन दारांत माझा चेहरा बघूनच खोली आत्ताच गेली असं सांगितलं. पाटी खिडकीत तशीच होती. हेही जाणाऱ्यांनी मनात धरून निघावं, म्हणजे कमी लागतं.

काळे बरोबर हिंडून दमला. "लोक इथे राजवाडा बघायला येतात. तुम्ही परसं बघताय. वनखात्यात आहात असं सांगू का मी?"

"सांग."

"दत्तू म्हणायचा, आमचा अण्णा कमी बोलतो. हट्टी आहे हे नाही सांगितलं त्याने."

शेवटी नदीच्या दक्षिणेला एक जागा मिळाली. म्हातारा घरमालक, स्वच्छ खोली, मागे नासपतीचं झाड. भाडंही बेताचं. म्हाताऱ्याने सहज विचारलं, झाड कशाला हवं? मी खरं ते सांगितलं. त्याने टोपी काढली, सांत्वनाचे दोन शब्द बोलला आणि खोली देता येणार नाही म्हणाला.

काळे म्हणाला, "खोटं बोलायचं ना. वाळत घालायला कपडे आहेत म्हणायचं."

"त्याच्या बाबतीत नको."

त्यानंतर काळे चेष्टा करायचा थांबला.

मी एकटाच मिसेस होल्टकडे गेलो. जागा मिळत नाही, डबा तुमच्याचकडे राहू द्या, असं सांगायचं ठरवलं होतं. आईला काय सांगणार हे ठरलं नव्हतं. मिसेस होल्टने मला बैठकीत नेलंच नाही. स्वयंपाकघरातून सरळ मागच्या दाराशी नेलं. मागे एवढंसं परस होतं, त्यात सफरचंदाचं झाड, नुकतं फुलायला लागलेलं.

"त्याची खोली वरती, मागच्या बाजूला आहे. मी ती कुणाला दिलेली नाही. खिडकीतून हे झाड दिसतं. तुम्ही त्या खोलीत राहणार असाल तर बांधा. एकट्याला मी बाहेर ठेवू देणार नाही."

मी त्याच दिवशी वसतिगृह सोडलं. आईने दिलेल्या कोऱ्या पंच्यात डबा बांधला, मिसेस होल्टने दिलेलं मेणकापड वरून गुंडाळलं आणि गाठोडं फांदीला अडकवलं. तिने धरलेली शिडी थोडी हलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. मी खिडकीशी गेलो तर गाठोड्यावर काळी छत्री उघडून फांदीला सुतळीने घट्ट बांधलेली. खाली नाश्त्याला बसलो. तिच्या बाह्या भिजलेल्या होत्या.  तिने माझ्या पावाला लोणी जास्त लावलं.

कुंपणापलीकडचा शेजारी म्हणाला, "पोपट पाळला की काय, मिसेस होल्ट? झाकलाय तो? नाव काय त्याचं?"

"मिस्टर दत्तू," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. मलाही आलं. दत्तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

राजवाडा मी पाहिला नाही. काळेने ओढून नेलं म्हणून एकदा नदीवर गेलो, पण पूल चढताना वारा सुटला आणि छत्री टिकेल का या काळजीने परत फिरलो. पुढचे दिवस बहुतेक त्या खिडकीशी गेले. दत्तूच्या पलंगावर झोपलो. अंगात फिरणारी तगमग मात्र तिथेही गेली नाही, फक्त तिला बसायला जागा मिळाली.

निघताना मिसेस होल्ट स्टेशनवर आली नाही. दारातच डब्यावर हात ठेवून उभी राहिली आणि मग आत गेली. परतीच्या वाटेवर बोट म्हणजे कुणाचं घर नव्हे, असं मी मनाशी ठरवलं आणि डबा उशाशी ठेवला.

रामकुंडावर सगळं यथासांग झालं. गुरुजींनी विचारलं तेव्हा अस्थी झाडाला होत्या असं मी सांगितलं. आईला मात्र घरी आल्यावर सगळं सांगितलं: फळी, विस्तव, फुलं, छत्री. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

आता विलायतेला निघालेले लोक माझ्याकडे चौकशीला येतात. मी त्यांना वसतिगृहाचा पत्ता देतो, गॅसच्या शेगडीचं सांगतो, लोकरीचे मोजे जास्त न्या म्हणतो. मिसेस होल्टचा पत्ता अजून कुणाला दिला नाही. द्यायला हवा, तिलाही भाडेकरू लागत असेल. पण तोंडातून निघत नाही.

मध्यंतरी आईने एकदम विचारलं, "ती बाई कधी इकडे आली तर उतरेल कुठे?"

"देवळालीला गोऱ्या लोकांची हॉटेलं आहेत," मी म्हणालो.

"हॉटेलात कशाला? माडीवरची खोली आहे की दत्तूची." मग म्हणाली, "मांसमच्छी मात्र चालायची नाही म्हणावं."

ती येणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तरी आईने गडी लावून माडीवरची खोली झाडून घेतली आणि कॉट खिडकीजवळ सरकवायला लावली. खिडकी गच्च बसली होती. मी जोर लावून ती उघडली.